सामना नाही, तरी घसा बसलाय!

ऐकलंत का? १६ डिसेंबरच्या मंगळवारी दुपारी हिंजवडीत म्हणे कसलीशी साथ आली होती. अडीचच्या सुमाराला फेज वनपासून फेज थ्रीपर्यंत एकाएकी सगळ्यांचे कॅमेरे बंद, सगळे म्यूटवर. कुणाचं नेट गेलेलं, कुणाकडे प्लंबर आलेला, कुणाचं पोट बिघडलेलं. पलीकडे परदेशातला क्लायंट बिचारा हॅलो हॅलो करतोय आणि इकडे आपली हुशार, पदवीधर, गृहकर्जधारक मंडळी दुसऱ्या खिडकीत अबू धाबीतला आयपीएलचा लिलाव बघतायत. नुसता बघतायत तरी बरं. बोली लागली की हात वर करतायत! जणू पैसे यांच्याच पीएफमधून जाणार आहेत.

बरं, सामना होता का? नाही. सराव? तोही नाही. पहिला चेंडू पडायला तीन महिने अवकाश. आणि संघ तरी कुठला? २०२५ च्या आयपीएलमध्ये दहांत दहावा आलेला चेन्नई सुपर किंग्ज! पहिल्या नंबरासाठी कुणी जीव टाकला तर आपण समजून घेऊ. पण ज्यांच्या पोरानं वर्गात शेवटचा नंबर काढलाय, त्यांनीच गल्लीभर पेढे वाटत सुटायचं? कशाबद्दल, तर पुढच्या वर्षी तो बोर्डात येणार म्हणून? शोभतं का हे चार माणसांत?

शोभत नाही. पण आपल्याला काय करायचंय? आपण आपले फक्त बघतोय.

गेल्या मोसमाची लक्तरं पुन्हा वेशीवर टांगायची आपली अजिबात इच्छा नाही. पण विषय निघालाच आहे तर टांगूनच टाकू. पाच वेळा चषक उचललेला हा संघ. सुरुवात केली मुंबईला हरवून, आणि मग पाय घसरला तो थेट तळघरात. लागोपाठ पाच पराभव. ज्या चेपॉकवर भल्याभल्यांची बोबडी वळायची, तिथं बेंगळुरूवाले २००८ नंतर पहिल्यांदाच जिंकून गेले. ११ एप्रिलला कोलकात्यासमोर १०३ धावा. वीस षटकांत! आपल्या सोसायटीच्या टेनिस बॉल स्पर्धेत एवढ्या धावा आठ षटकांत होतात, आणि तिथले निम्मे फलंदाज गुडघ्याला पट्टा बांधून येतात. कोलकात्यानं त्या धावा अकराव्या षटकातच उडवल्या. लोकांना घरी जाऊन गरम जेवता आलं. १४ सामन्यांत ४ विजय, स्पर्धेतून बाहेर पडणारा पहिला संघ, आणि तळाला मुक्काम तर या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? पिवळी जर्सी फरशी पुसायला काढावी आणि बुद्धिबळ बघावं. पण नाही ना! अब्रू जायची ती पुरती जाऊन झाल्यावर, २५ मेला हा संघ अहमदाबादला गेला आणि तेव्हा गुणतक्त्यात वर बसलेल्या गुजरातला ८३ धावांनी लोळवून आला. झालं! जूनपासून मार्चपर्यंत पुरेल एवढं खत एका संध्याकाळी पडलं. ब्रेव्हिसचे षटकार फोनमध्ये साठवले गेले. विरारचा आयुष म्हात्रे, सतरा वर्षांचं पोर, बेंगळुरूविरुद्ध ९४ ठोकून गेलं होतं, त्याचा नव्यानं जप सुरू झाला. ९४ ठोकून सामना दोन धावांनी हरलो होतो, ही बारीकशी गोष्ट जपात येत नाही.

जून उजाडला, पाऊस आला, हिंजवडीच्या रस्त्यांची रीतसर नदी झाली. गाड्या बोनेटपर्यंत पाण्यात. एका कॅबमध्ये चौघे अडकलेले. आपल्याला वाटेल, महापालिकेत जायचं की ग्रामपंचायतीत राहायचं यावर चर्चा चालली असेल. कसलं काय! बाहेर पाणी दाराला लागलेलं आणि आत प्रश्न एकच: मधली फळी कोण सावरणार?

आता कुणी म्हणेल, ही चेन्नईची डोकेदुखी मुळशी तालुक्यात कशी शिरली? त्यांना पुण्याची कुंडली ठाऊक नाही. आशेवर हात पोळून घ्यायची आपली परंपरा जुनी आहे, आणि जरा खर्चिकही. २०१० साली सहारानं ३७ कोटी डॉलर मोजून पुण्याला संघ घेतला. ३७ कोटी, आणि तेही डॉलर! नाव ठेवलं पुणे वॉरियर्स. मग हे योद्धे लढले कसे? ४६ सामन्यांत १२ विजय. त्यातही २०११ ला चार, २०१२ ला चार, २०१३ ला चार. असं सातत्य सरकारी कचेरीतही सापडायचं नाही. कर्णधार तर असे बदलले की नाणेफेकीला कोण जाणार यावर वेगळी पैज लावावी: युवराज, गांगुली, मॅथ्यूज, फिंच. बेंगळुरूला गेलनं एकट्यानं नाबाद १७५ मारले, ते कुणाला? आपल्यालाच. आणि हिंजवडीच्या उशाला गहुंज्यात जे भलंथोरलं स्टेडियम उभं राहिलं, त्याचं उद्घाटन कधी? १ एप्रिल २०१२! तारीख बघा तारीख. मुहूर्त काढणाऱ्याला काही बोलावं की त्याच्या विनोदबुद्धीला सलाम करावा?

तरीही दर हिवाळ्यात लोक म्हणायचेच, की यंदा वॉरियर्स वेगळे दिसतायत. कुठं दिसतायत? मैदानात तर चिटपाखरू नाही. पण हीच खरी मेख आहे. मैदान रिकामं असलं की संघ कसा छान दिसतो! कुणी झेल सोडत नाही, कुणी धावबाद होत नाही, आणि शेवटच्या षटकात कुणी फुलटॉस टाकत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रिकेट मंडळानं संघच गुंडाळून टाकला, नाहीतर आपण अजून त्यांची मधली फळी सावरत बसलो असतो.

मग आला दुसरा अंक, आणि हा मात्र चवीचवीनं सांगण्यासारखा. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, पुण्याला पुन्हा संघ मिळाला: रायझिंग पुणे सुपरजायंट्स. कर्णधार कोण? साक्षात धोनी! पुण्यानं तेव्हाच चषकासाठी शोकेसमध्ये जागा करून ठेवली. २०१६ ला आले सातवे, आठांत. घरचे सामनेसुद्धा घरी राहिले नाहीत. राज्यात दुष्काळ, न्यायालयाचा आदेश, आणि आपला संघ घरचं मैदान म्हणून विशाखापट्टणमला. पुणेकराला घर शोधायला लांब जावं लागतं हे मान्य, पण इतकं?

आणि मग २०१७ च्या मोसमाआधी जे झालं त्याला तोड नाही. संघ सुधारायचा म्हणजे काय करतात? सराव वाढवतात, गोलंदाज आणतात. आपल्याकडे काय केलं? नावातला शेवटचा 'स्' काढला! सुपरजायंट्सचं सुपरजायंट. पाटी बदलून नशीब बदलणारे आपण ऐकले होते, घराचं दार पूर्वेला फिरवणारेही बघितले होते, पण अक्षर छाटून गुणतक्ता चढणारे हे पहिलेच. त्याच झटक्यात धोनीला कर्णधारपदावरून उतरवून स्मिथला बसवलं, आणि बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी उधळले. पुण्यात केवढा गहजब! धोनीला काढलं? यांना कळतं काय? आता बघाच, आठवे येतील! असं ओरडणारे सगळे मनातून कसे गुदगुल्या झाल्यासारखे खुलले होते, आठवतंय ना?

आणि हसू नका, 'स्' खरंच बाधत होता की काय कोण जाणे! सातव्यावरून निघालेला संघ अंतिम फेरीत. त्या मोसमात मुंबईला एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा हरवून. २१ मे २०१७, हैदराबाद, समोर पुन्हा मुंबई, जिंकायला १३० धावा. एकशेतीस! स्टोक्स तोवर इंग्लंडला परतलेला, पण १३० ला स्टोक्स कशाला हवा? शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळून झाल्या, तिसरी पळताना गडी बाद, आणि आपण एका धावेनं हरलो. एका! तो 'स्' ठेवला असता तर निदान तेवढी धाव तरी त्यात लपवून आणता आली असती, असं म्हणणारा एक इसम वाकडात अजून भेटतो. आता गंमत बघा. त्याच मालकांनी पुढं लखनौला संघ घेतला, नाव ठेवलं सुपर जायंट्स. 'स्' परत! आणि २०२४ ला कितवे? सातवे. २०२५ ला? सातवे. आम्ही काही म्हणत नाही. अक्षर बोलतंय.

एवढ्यावरही पुणेकराचं तोंड पोळलं नसेल, तर २०१८ आहेच. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि चेपॉकचे सहा सामने उचलून आणले आपल्या गहुंज्यात. चेन्नईहून सुमारे हजार माणसं खास गाडी करून आली. रेल्वेत पिवळे कपडे, शिट्ट्या, ढोल! पुण्यात दुपारी एक ते चार शिट्टी वाजवली तर शेजारचे काका गॅलरीत येऊन बघतात, तिथं ही सबंध आगगाडी शिट्ट्या वाजवत फलाटाला लागली. आधी आपण नाकं मुरडली. मग वॉटसननं गहुंज्यात शतक ठोकलं. मग शिट्टी कशी वाजवायची ते आपण हळूच त्यांना विचारलं. त्यांनी त्या वर्षी चषक जिंकला, आणि तेव्हापासून मारुंजीपासून बावधनपर्यंत प्रत्येक सोसायटीत एखादा तरी निघतो, जो सांगतो, 'आमचंच घरचं मैदान होतं ना त्यांचं.' सहा सामन्यांचं घर! भाडेकरारसुद्धा अकरा महिन्यांचा असतो हो.

त्यात कर्णधार निघाला ऋतुराज गायकवाड. आपलाच! थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला, म्हणजे डांगे चौकातून हाक मारली तर ओ देईल इतका आपला. आता हिंजवडीत असा माणूस शोधून दाखवा, ज्याचा ऋतुराजशी संबंध नाही. एकाचा मावसभाऊ त्याला नेटमध्ये गोलंदाजी करायचा. एकाच्या मेहुण्यानं त्याला म्हणे लहानपणी बाद केलंय, दोनदा. एका वहिनींच्या आईनं त्याला 'बाळा, ऊन लागेल, टोपी घाल' असं स्वतः सांगितलंय. हे सगळे दावे खरे धरले तर त्या अकादमीत एका वेळी गहुंज्याच्या स्टेडियमएवढी पोरं शिकत असणार आणि ती सगळीच्या सगळी ऋतुराजलाच गोलंदाजी टाकत असणार. म्हणूनच तर पोरगं एका षटकात सात षटकार मारायला शिकलं!

२०२५ ला त्याच्या कोपराला चेंडू लागला, हाड चिरलं, मोसम संपला. इथून पुढं सुरू होतं ते हिंजवडीचं लाडकं शास्त्र: 'ऋतू असता तर...' ऋतू असता तर दहावे आलोच नसतो. ऋतू असता तर प्ले-ऑफ नक्की. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे आपल्या आजीनं उगाच सांगून ठेवलंय का? त्या पाच पराभवांपैकी पहिले चार ऋतू असतानाच झाले होते, हे कुणी काढायचं नाही. काढलंत तर चहाचे पैसे तुम्ही द्यायचे. ३ डिसेंबरला रायपूरला त्यानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिलं एकदिवसीय शतक ठोकलं, त्या दिवशी तर टपरीवर सिद्धांत सिद्ध झाल्याचं जाहीरच झालं. एकदिवसीय सामना, दुसरा संघ, दुसरी स्पर्धा. पण सिद्ध म्हणजे सिद्ध!

नोव्हेंबरात मात्र घराघरात सुतक. रवींद्र जडेजाला राजस्थानला दिलं. जोडीला सॅम करनही दिला, आणि बदल्यात आणला संजू सॅमसन. आवळा देऊन कोहळा काढला म्हणावं, की आवळा आणि कोहळा दोन्ही देऊन भोपळा घेतला म्हणावं, यावरून चांगली दहा-दहा वर्षांची मैत्री तुटली. लक्षात घ्या, २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून चषक आणणारा माणूस हा जडेजा. त्याला असं काढतात? पण हिंजवडीचं दुःख निराळ्याच जागी होतं. जडेजा २०१२ पासून एका ठिकाणी, मधली निलंबनाची दोन वर्षं सोडली तर. शेवटी पदरात काय पडलं? बदली, आणि पगार १८ कोटींवरून १४ कोटी! हे ऐकल्यावर फेज टूच्या एका कँटीनमध्ये अशी शांतता पसरली म्हणतात की फक्त मायक्रोवेव्हची घरघर ऐकू येत होती. तिथं पंधरा वर्षं एकाच कंपनीत काढलेले चार-पाच जण बसले होते ना. त्यांतल्या एकानं त्याच दुपारी आपला सीव्ही झटकला. आता सांगा, क्रिकेटनं माणसं वाया जातात का सुधारतात?

आणि मग ती लिलावाची दुपार. सगळ्या गावाला वाटत होतं, चेन्नई एखादा कसलेला, नावाजलेला खेळाडू घेणार. कॅमेरून ग्रीनसाठी पाण्यात देव ठेवले होते. तो गेला कोलकात्याला, २५ कोटी २० लाखांना. चेन्नईनं काय केलं? प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा. कोण हे? एक वीस वर्षांचा, एक एकोणीस वर्षांचा. भारताकडून एकही सामना नाही. पायाभूत किंमत ३० लाख. आणि मोजले किती? प्रत्येकी १४ कोटी २० लाख! फ्रेशरला!

फ्रेशर हा शब्द उच्चारला आणि हिंजवडी पेटली. इथं कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला साडेतीन लाखांचं पॅकेज देतात आणि वर दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. एका पठ्ठ्यानं तिथल्या तिथे एक्सेल उघडून हिशेब मांडला: साडेतीन लाखांनी १४ कोटी २० लाख मिळवायला चारशे पाच वर्षं. म्हणजे शिवजन्माच्या दहाएक वर्षं आधी रुजू झालेल्या फ्रेशरला आज कुठं ती रक्कम हाताशी लागली असती, तीही टीडीएस न कापता. पाच मिनिटं संताप, शिव्याशाप, व्यवस्थेच्या नावानं बोटं मोडणं. आणि सहाव्या मिनिटाला? तोच पठ्ठ्या त्याच एक्सेलमध्ये दुसरं पान उघडून लिहीत होता: 'क्रमांक सात, प्रशांत वीर, डावखुरा फिरकी, जडेजाची जागा.' सुतकाला महिनाभरच झाला होता हो! वर्षश्राद्धापर्यंत तरी थांबायचं.

आता तर काय, ही एक्सेलं एकमेकांना पाठवली जातात. कुणाच्या संघात धोनी सातवा, कुणाच्या आठवा, कुणाच्या फक्त नाणेफेकीपुरता. धोनी हा तर वेगळाच अध्याय. ४४ वर्षांचा गृहस्थ, दोन विश्वचषक नावावर, आणि नोंद कशी? 'अनकॅप्ड', ४ कोटी! पाच वर्षं देशाकडून खेळला नाही म्हणून नियमानं पुन्हा कोरी पाटी. असा नियम आपल्याकडे असता तर निवृत्तीनंतर पाच वर्षांनी सगळे काका पुन्हा अप्रेंटिस म्हणून लागले असते. दर वर्षी मेमध्ये तो निवृत्त होणार म्हणून डोळे पुसायचे, आणि दर वर्षी डिसेंबरात त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची. स्वतःच्या वडिलांचा गुडघा कुठला दुखतो, उजवा का डावा, हे न सांगता येणारी माणसं धोनीच्या गुडघ्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञाच्या थाटात बोलतात. त्याच संघात आयुष म्हात्रे. धोनीनं २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक उचलला तेव्हा हे लेकरू दोन महिन्यांचं होतं. आजोबा-नातू एका पाटावर जेवायला बसल्यासारखा संघ, आणि आपण ताट वाढायच्या आधीच ढेकर देतोय.

बाटलेल्यांची यादी तर विचारूच नका. एका सोसायटीतल्या आजी, वय ऐंशीच्या घरात, क्रिकेट म्हणजे कामं सोडून उन्हात उभं राहणं अशी ज्यांची आयुष्यभराची व्याख्या, त्या परवा सुनेला विचारत होत्या, 'अगं, तो संजू यष्टी राखणार तर मग महेंद्रानं करायचं काय?' महेंद्र! घरातल्या जावयाला इतक्या मायेनं हाक मारत नाहीत. टपरीवाला दादा कटिंग देताना विचारतो, 'साहेब, पथिराना सोडायला नको होता ना?' त्याला कोलकात्यानं १८ कोटींना उचलल्यापासून दादाच्या चहात साखर कमी पडतेय. मनुष्यबळ खात्यातल्या एका बाईंनी राजीनाम्याच्या मुलाखतीत एकाला विचारलं म्हणतात, 'तुम्हाला ट्रेड करून घेतलं तर चालेल का?' आणि पुण्याचाच राहुल त्रिपाठी, एके काळी दहा लाखांत येऊन रायझिंग पुण्यासाठी ३९१ धावा करून गेलेला, त्याला चेन्नईनं सोडलं तेव्हा कोथरूडहून कॅबनं येणाऱ्या एका काकांनी दोन दिवस डबा खाल्ला नाही म्हणे. मग लिलावात सर्फराज खान ७५ लाखांत मिळाल्याचा हिशेब मांडताना त्याच काकांनी दोन डबे संपवले. दुसरा कुणाचा होता ते अजून कळलेलं नाही.

या सगळ्या आगीत तेल कुणी ओतलं असेल तर ते बेंगळुरूनं. सतरा मोसम जे आपल्या हक्काचं हसण्याचं ठिकाण होतं, ते ३ जून २०२५ ला जिंकून बसले! आता थट्टा कुणाची करायची? आणि त्याहून वाईट म्हणजे, ते जिंकल्यापासून कुठल्याच वेड्याला वेडा म्हणायची सोय राहिली नाही. पंजाबवाला मान ताठ करून फिरतो, दिल्लीवाला गालातल्या गालात हसतो, आणि दहावा आलेला तर उलट तुम्हालाच समजावतो, 'अठरा वर्षं थांबले ते. आमचं तर एकच वर्ष वाया गेलंय.' काय बोलणार यावर? बोलायला तोंड उघडलं तर तो एक्सेल उघडतो.

इथं बालेवाडीवाले मधेच कानात सांगतात, क्रिकेट सोडा, पुणेरी पलटणकडे बघा. बघितलं की! २०२४ च्या मार्चमध्ये २८-२५ असा अंतिम सामना जिंकून कबड्डीचे विजेते. पुढच्या मोसमात आठवे. त्याच्या पुढच्या मोसमात, ३१ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा अंतिम सामन्यात आणि दिल्लीकडून २८-३१ पराभव. तीन गुणांनी जिंकायचं, तीन गुणांनी हरायचं, मधे पाय मोकळे करायला आठव्या क्रमांकावर जाऊन यायचं. या मंडळींनी आपली आशा निदान घाम गाळून कमावलीय. त्यामुळं त्यांच्याबद्दल वाईट बोलायला फारसं काही सापडत नाही. म्हणून पुढं जाऊ.

तशी हिंजवडीला वाट बघायची सवय कुणी लावली, हेही बघायला हवं. माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. तेव्हापासून आपण खांब मोजतोय. खांब झाले, पूल झाला, डबे आले, चाचण्या झाल्या, आणि दर वेळी उत्तर एकच: मार्च. कुठला मार्च, असं विचारणारा माणूस इथं नवीन आहे हे लगेच ओळखू येतं. मेट्रोही मार्चला, चेन्नईही मार्चला, अप्रेजलही मार्चनंतर. एका मार्चमध्ये माणसानं किती सुख सोसायचं?

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी साडेसहाची माणहून सुटलेली बस, शिवाजी चौकाच्या अलीकडे पाऊण तास जागची हललेली नाही. चालकानं इंजिन बंद केलेलं. मागच्या बाकावर दोन पोरं भांडत होती, प्रशांत वीरला सातव्या क्रमांकावर पाठवायचं की सहाव्या. आपण आपले खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो. आपला काय संबंध? आपण कुठले यांच्यातले? पाच मिनिटं ऐकून घेतलं, दहा मिनिटं ऐकून घेतलं. शेवटी एक पोरगं म्हणालं, 'आणि ब्रेव्हिसला सलामीला टाकायचं.'

'अरे बाबा, सलामीला कसा टाकशील?' आपण मान वळवून म्हणालो. जरा मोठ्यानंच. 'ऋतू आणि संजू सलामीला, आयुष तिसरा, ब्रेव्हिस चौथा, दुबे पाचवा. सोपं आहे.'

अख्खी बस आपल्याकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी कानातलं यंत्र काढून म्हणाली, 'काका, ऋतू तिसरा. आयुषला सलामीच द्यायला हवी.' वाहक तिकिटांचं मशीन काखेत मारून पुढं आला, 'आणि कार्तिक शर्मा? त्याला काय डगआऊटमध्ये पाणी भरायला घेतलाय का चौदा कोटींना?' चालकानं आरशातून बघत हळूच विचारलं, महेंद्रसिंगला शेवटची चार षटकं तरी द्याल ना. आपण खिशातून कागद काढला. वाण्याची यादी होती. मागच्या बाजूला अकरा नावं आधीच लिहिलेली, दोन खोडून पुन्हा लिहिलेली. ती नेमकी कधी लिहिली, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही, हे नशीब. समोरचा सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला, आणि चालक म्हणाला, 'थांबा हो जरा, आठव्या नंबराचं ठरू द्या.'